दाजींचा सकाळचा हात

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही वस्तू दुकानदाराच्या शब्दावर घेतलेली नाही. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे यजमान. मुक्काम उत्रोली, भोरच्या अगदी कुशीत. चपला घ्यायच्या तर हे गृहस्थ नव्या चपला पायात घालून नदीच्या पुलापर्यंत जाऊन येतात, आणि दुकानदाराच्या जिवाला घोर नको म्हणून जुन्या त्याच्या गल्ल्यापाशी ठेवून जातात. गादी घ्यायला गेले तेव्हा दुकानातच दुपारची झोप काढली आणि 'उजव्या कुशीला बोचतीय' म्हणून उठून घरी आले. लग्नासाठी अक्कांना बघायला गेले तेव्हाचा किस्सा तर आमचे सासरे मरेपर्यंत सांगायचे. मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली तर नवरदेव जागेवर नाहीत! ते दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत उभे. म्हणाले, "मामा, ह्याला रंगाचा एकच हात मारलाय. पैसं दोन हातांचं घेतलं आसतील. फशिवलं तुमाला." सासऱ्यांना त्या पेंटरचा संशय होताच. इतक्या वर्षांत आपल्या बाजूने बोलणारा पहिला माणूस भेटला म्हणून त्यांनी तिथल्या तिथे सुपारी फोडली. अक्कांचं मत कुणी विचारल्याचं मात्र ऐकिवात नाही.

पस्तीस वर्षं दाजींनी भोरात गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवलं. टेम्पो, ट्रॅक्टर, वडापच्या, म्हणजे शिटा भरून पळणाऱ्या जीपा, लग्नाच्या वरातीतला बँजोचा गाडा, जे जे चाकावर चालतं ते ते त्यांच्या स्प्रे गनखालून गेलं. त्यांची नजर म्हणजे शिक्षा. रस्त्याने एखादी चकाचक गाडी गेली की हे दहा पावलांवरून सांगणार, "डाव्या दारात पुट्टी भरलीय. आदळलीय कुठंतरी." मी वेल्ह्याला शाळेत मास्तर. पहिली स्कूटर घेतली तेव्हा पेढे घेऊन नसरापूर, कापूरहोळ करत मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला आलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला, स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पाव्हणं, पेढा चांगलाय." बाकी एक अक्षर नाही. मी ती स्कूटर चारच महिन्यांत विकली. ते गप्प राहिले की माणूस आपोआप खचतो.

वय झालं तसं गॅरेज बंद केलं. लोक निवृत्तीनंतर देवदर्शनाला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात, निदान पारावर बसून राजकारण तरी करतात. दाजींनी मात्र तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून छोट्या गाड्या करायला घेतल्या. वीतभर लांबीच्या, चाकांना इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं. आणि गाडी म्हणजे कुठलीही गाडी नव्हे. आपण हयातीत रंगवलेली एकेक गाडी, तिच्या मालकाच्या नावासकट, नंबरासकट, मागच्या 'आईचा आशीर्वाद'सकट आणि पोच्यांसकट! दाजींचा आग्रह असा, की पोचा नसेल तर ती गाडी त्या माणसाची नव्हेच. एकदा आंबवड्याचे एक दूधवाले बायकोला घेऊन आपला जुना टेम्पो बघायला आले. बघता बघता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डाव्या अंगाला बोट लावून त्यांनी विचारलं, "ह्यो पोचा कसला?" दाजी सहज म्हणाले, "आवो, तुमी पिऊन उंबराच्या झाडावर घातला हुता, तवाचा." बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. "तुमी तर म्हनला हुता म्हस आडवी आली!" दोघं आली होती एकाच मोटारसायकलवर, जाताना बाई एस.टी.ने गेल्या.

आता ही अशी नाजूक कामं करणाऱ्या माणसाचा हातच दुखायला लागला तर काय होईल? आधी ते ब्रशला शिव्या देऊ लागले. मग रंगाला. मग रंगाच्या कंपनीला, मग सरकारला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी टेंगूळ आलं होतं आणि चिमटीत काही धरलं की कोपरापर्यंत कळ जायची. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायचे, म्हणजे एक वर आणि एक खाली. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा झिजलाय, चिमटीत बारीक काही धरू नका, धरायचं तर जाड मुठीचं धरा, गरम पाण्यात हात शेका आणि हा पट्टा बांधा. दाजींनी घरी येऊन त्याचं भाषांतर केलं, "बेरिंग गेलंय." पट्ट्याचा रंग आवडला नाही म्हणून त्याला लाल आणि पिवळा असे दोन हात मारले. तो वाळून इतका कडक झाला की पुढचे दोन दिवस दाजी सगळ्यांना आशीर्वाद देत असल्यासारखे हिंडत होते.

पण एक दिवस मी गेलो तर माणूस ओसरीवर गप्प बसलेला. फळीवर सतरा गाड्या ओळीने उभ्या होत्या, नुसता प्रायमर मारलेल्या, राखाडी. पुढ्यातल्या अठरावीच्या बॉनेटवर रंगाचा लाल थेंब पडलेला, आणि ब्रश ओसरीच्या खाली मातीत. मी मुद्दाम नवा शर्ट दाखवला. ते म्हणाले, "चांगलाय." माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तो पेढा सोडला तर या माणसाने माझी एकही गोष्ट चांगली म्हटलेली नव्हती. मी म्हणालो, "दाजी, अहो शिव्या द्या, पण असं बोलू नका." तर ते फळीकडे बघत म्हणाले, "पाव्हणं, बिनरंगाची गाडी म्हंजी नाव न ठिवलेलं लेकरू. ही सतरा माझ्या माघारी भंगारात जायाची. हात गेला तर म्या करू काय? पारावर जाऊन बसू?" पारावर दाजी! तो पार दुसऱ्या दिवशी ओस पडला असता.

म्हणून मोबाईलवर शोधाशोध करून मीच त्यांना एअरब्रशबद्दल सांगितलं. एअरब्रश म्हणजे स्प्रे गनचं धाकटं भावंड. हवेच्या जोरावर रंगाचा बारीक फवारा मारतं, ब्रशासारखं दाबून ओढत बसायला नको. दाजींनी फोटो बघून आधी तुच्छतेने विचारलं, "ह्यानं काय मच्छर रंगवायचं हाईत?" पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन. "पाव्हणं, पुण्याला कवा जायचं?"

पुण्यात पेठेत अशा हौशी लोकांचं सामान विकणारं एक टीचभर दुकान होतं. दाजींनी तिथून पहिला एअरब्रश निवडला तो पेनासारखा बारीक. वरचं बटण बोटाने खाली दाबलं की हवा, तेच मागे ओढलं की रंग. दिसायला असा देखणा की दाजी वाटभर तो खिशाला लावून बसले. हवेचा दाब कमी करायची चावी दुकानदाराने आठवणीने पिशवीत घातली होती. पण पस्तीस वर्षं कॉम्प्रेसर हाताळलेल्या माणसाने चावीबिवी लावायची म्हणजे काय! गॅरेजचा जुना कॉम्प्रेसर गोठ्यात होता. दाजींनी ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरायच्या दाबावर ते नाजूक पेन जोडलं आणि समोर एक वीतभर टेम्पो ठेवला. फुस्स झालं. टेम्पो ओसरीवरून उडाला आणि थेट स्वयंपाकघरात, निवायला ठेवलेल्या पिठल्यात चारही चाकांवर उतरला. वाटेत माझा तो नवा शर्ट होता, त्याला निळा पट्टा आला. अक्कांनी आतून शांतपणे विचारलं, "आवो, ह्या ड्रायव्हरला बी ताट वाढू का?"

चावी बसवल्यावर रंग मात्र झकास बसायला लागला. पण जेमतेम पाव तास. त्यानंतर ते बारीक पेन चिमटीत धरून धरून अंगठा ठणकायला लागायचा आणि बटण ओढणारं बोट वाकडंच राहायचं. आम्ही पुन्हा पुण्याला. दाजींनी दुकानातला एकेक एअरब्रश हातात घेऊन, तो तसाच हवेत धरून, दुसऱ्या हाताने दुकानदाराचा पेपर वाचायला सुरुवात केली. अग्रलेखापर्यंत हात टिकला की तो ब्रश पास. गिऱ्हाइकं दारातून बघून परत जायला लागली. शेवटी दुकानदारानेच हात जोडले. "काका, तुमचं ते पेन आणि हे आणखी दोन, असे तिन्ही घरी घेऊन जा. निवांत वापरून बघा. पुढच्या शनिवारी जे नकोत ते परत आणून द्या. नाही जमलं तर तिन्ही आणा, पण पेपर तेवढा ठेवून जा."

तर असे तीन एअरब्रश उत्रोलीला आले. एक ते पेनासारखं. दुसरा अंगाने जाड, धरायला बरा, पण डोक्यावर रंगाची मोठी वाटी. ती भरली की तोंड खाली झुकायचं आणि सगळा भार मनगटाने तोलायला लागायचा. तिसरा पिस्तुलासारखा. खाली मूठ, चार बोटांनी धरायची, चाप ओढला की हवा आणि रंग दोन्ही एकदम. हा तिसरा दाजींनी हातात घेण्याआधीच नापास केला. "पस्तीस वरसं स्प्रे गनचा चापच तर वढला. त्यानंच हात खाल्ला माझा. पुना त्याच वाटंला जाऊ व्हय?" मी म्हणालो, "पण डॉक्टर तर जाड मुठीचं धरा म्हणाले होते." तर म्हणाले, "डाक्टरनं कंदी टेम्पो रंगिवलाय?"

मग आठवडाभर परीक्षा चालली. रोज सकाळी आंघोळ झाली की दाजी हात कढत पाण्यात शेकून घ्यायचे, तेल चोळायचे, पट्टा काढायचे आणि उन्हात बसून पेपर वाचत पेन धरायचे. पेन रोज पहिल्या नंबराने पास व्हायचं. मला फोन यायचा, "पाव्हणं, जमलं!" आणि रोज तिसऱ्या प्रहरी, गाडीच्या टपाला दुसरा हात मारताना, पेन हातातून गळायचं. मग दुसरा फोन यायचा नाही. शुक्रवारी माझी शाळा अर्ध्या दिवसाची होती म्हणून गेलो, तर तिन्ही एअरब्रश आपापल्या खोक्यात घालून, सुतळीने बांधून ठेवलेले. दाजी म्हणाले, "उद्या तिन्ही देऊन टाकू. ब्रशात काय खोट न्हाई. माझा हातच नापास हाय." हे ते इतक्या हळू म्हणाले की मला वाईट वाटण्याऐवजी भीतीच वाटली.

दिवस भातकापणीचे. तेवढ्यात अक्का रानातून आल्या. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा. भारा गोठ्यात टाकून त्यांनी खोक्यांकडे बघितलं, आमच्या पडलेल्या तोंडांकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगितलं. त्या ऐकत ऐकत पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आवो, सकाळच्या हातानं कुणी मूठ बगतं का?"

दाजींना कळेना. मलाही नाही. मग अक्कांनी आम्हा दोघा शहाण्यांना समजावलं. गावातली एकही बाई नवा विळा सकाळी पसंत करत नाही. सकाळचा हात ताजा असतो, त्याला कुठलीही मूठ गोड लागते. दिवसभर पात, म्हणजे आपल्या वाट्याची रांग, धरून भात कापावं, हात भरून यावा, बोटं मिटेनाशी व्हावीत, आणि मग संध्याकाळी शेजारणीचा विळा मागून मूठ धरून बघावी. त्या हाताला जी मूठ सोसते ती आपली. "माझी आय म्हनायची, सकाळचा हात खोटं बोलतो," अक्का म्हणाल्या. "तुमी तर त्याला शेकून, तेल लावून बसवलाय. त्यो लबाडच बोलनार की!"

दाजींचं तोंड बघण्यासारखं झालं. तालुक्यातल्या तमाम दुकानदारांना घाम फोडणारा पारखी, चपला पुलापर्यंत चालवून बघणारा, आणि त्याला पारख कधी करायची हे पायरीवर बसलेल्या बायकोने शिकवावं! पण उपाय नव्हता. अक्का म्हणाल्या, "उठा. दिस अजून हाय." आणि आम्हा दोघांना चक्क रानात नेलं. इंद्रायणी भाताचं एक वावर कापायचं राहिलं होतं. दाजींनी उजव्या हातात विळा धरून कण्हत कण्हत अर्धी पात कापली. मी मास्तर असल्यामुळे पेंढ्या मोजल्या. घरी परतेपर्यंत दाजींचा पंजा सुजून भाकरीसारखा फुगला होता.

ओसरीवर तिन्ही खोकी सोडली. दाजींनी पेन उचललं. ते उचलतानाच पडलं. जाड ब्रश धरला, तर मनगट थरथरायला लागलं. तिसऱ्याकडे ते बघेचनात. तेव्हा अक्काच पुढे झाल्या. त्यांनी पहिला उचलून लगेच ठेवला, "ह्यो न्हाई." दुसरा उचलून ठेवला, "ह्यो बी न्हाई." तिसरा चार बोटांच्या मुठीत धरला, अंगठा मोकळा सोडला आणि चाप दोन बोटांनी ओढून बघितला. "ह्यो घ्या. ह्यात अंगठ्याला कामच न्हाई. आनि तुमचा हात चापानं गेला नसंल. घासकागद चिमटीत धरून पत्रं घासलं पस्तीस वरसं, त्यानं गेलाय." नुसती लोखंडी मूठ घसरते म्हणून त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून, विळ्याला गुंडाळतात तशी घट्ट गुंडाळून दिली. दाजींनी तो धरला. चाप ओढला. राखाडी टपावर लाल रंगाचा फवारा पसरला, सारखा, एकही ओघळ नाही. दाजी बघतच राहिले. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो.

एवढ्यात दाजींनी विचारलं, "आगं, पन तुला कसं कळलं? तू कवा एअरब्रश धरला हुतास?"

अक्कांनी आपला उजवा हात दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या मुळाशी टेंगूळ होतं. दाजींच्या हाताला होतं तसंच, किंबहुना थोडं मोठंच. म्हणाल्या, "तुमचं ते बेरिंग का काय गेलंय ना? माजं धाकटीच्या लग्नात गेलं. पुरनपोळ्या लाटून लाटून." धाकटी म्हणजे माझी बायको. तिचं लग्न म्हणजे माझंच लग्न. त्या पंगतीत मी सात पोळ्या खाल्ल्या होत्या आणि त्याचा पुढे कैक वर्षं अभिमान बाळगला होता.

"सव्वीस वरसं?" दाजी म्हणाले. "मग बोलली का न्हाईस?"

"कुनी इचारलं?" अक्का म्हणाल्या. रागावून नव्हे, अगदी सहज. "आनि बोलून भात कापायचं ऱ्हातंय व्हय?" एवढं बोलून त्या भाकऱ्या थापायला आत गेल्या. आतून थापण्याचा आवाज यायला लागला. दहा पावलांवरून दुसऱ्याच्या दारातली पुट्टी ओळखणारा माणूस त्या आवाजाकडे तोंड करून बसून राहिला. मला शरम वाटत होती, आणि ती नक्की कुणाची हे ठरवायचं धाडस होत नव्हतं.

आता ते पिस्तूल दाजींकडे राहिलं आहे. रंगकाम रोज होतं. सतरापैकी नऊ गाड्यांना रंग चढला, आणि मला शिव्याही पहिल्यासारख्या मिळायला लागल्या. मात्र अक्कांच्या मागे नवीन पीडा लागली आहे. दाजी त्यांना घेऊन बाजारात जातात, तेही दिवस कलल्यावर, काम करून त्यांचा हात आंबल्यावरच. लाटणं आतापर्यंत चार वेळा बदललं. उलथन्याची मूठ दोनदा. विळा घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला म्हणाले, "थांबा, घाई करू नका, आमच्या मालकीनबाई बगतील." आणि अक्का मूठ धरून बघत होत्या तोवर स्वतः पिशवी धरून बाजूला उभे राहिले. सकाळच्या भाकऱ्या आता दाजी थापतात. त्या गोल नसतात, पण कुणी नावं ठेवली तर आधी त्यालाच पारखून घ्यायला दाजी अजून तयार आहेत. अक्का बहिणीला फोनवर सांगतात, "लई डोकं उठवलंय माजं. बरं हुतं ह्यास्नी इचारायचं सुचत नव्हतं ते." पण हे सांगताना त्या हसत असतात, असं माझ्या बायकोचं म्हणणं.

त्या शुक्रवारी मी वेल्ह्याला घरी पोचलो तेव्हा बायको लसूण सोलत बसली होती. मी चप्पल काढली, पाणी प्यायलो, बराच वेळ इकडेतिकडे केलं आणि शेवटी विचारलं, "काय गं, तुझा हात दुखतो का कधी?"

तिने संशयाने वर बघितलं. "का? काय पाहिजे तुम्हाला?"

"काही नाही. सहज विचारलं."

ती पुन्हा लसूण सोलायला लागली. दोन पाकळ्या सोलून झाल्या, तिसरी तशीच राहिली. मग तिने उजवा हात माझ्यापुढे केला. त्या हाताचं पुढे काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी तो नुसता धरून बसलो.